चिनी छपराखालचा क्रूस

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीस चीनमधील यांगझौ शहराचा जुना तट पाडला जात होता. त्या तटाच्या दगडांत एक कोरीव शिळा निघाली. अक्षरे लॅटिन. दोमेनिको विल्योनी नामक इटालियन गृहस्थाची कन्या कातेरीना १३४२ सालच्या जून महिन्यात निवर्तली, एवढाच त्यातला मजकूर. वरच्या भागात संत कॅथरिनच्या हौतात्म्याचे प्रसंग कोरलेले, आणि त्यांच्याही वर मांडीवर बाळ घेतलेली मरिया. कारागीर चिनी असावा, हे ती मरियाच सांगते. तिची बैठक, तिच्या वस्त्राच्या चुण्या, तिचा चेहरा, सारे तिथल्या मातीचे आहे. युरोपीय व्यापाऱ्याच्या मुलीच्या थडग्यावर चिनी हाताने घडवलेली ही येशूमाता पाहिली, की आजच्या धाग्याचा विषय निम्मा समजतो.

मित्रहो, आज आपण चीनमधील कॅथलिक वास्तुकला आणि चित्रकला यांची हकीकत पाहणार आहोत. वरवर हा छपरांचा आणि रंगांचा प्रश्न वाटतो. परंतु या छपरांपायी माणसे मेली आहेत, हे प्रारंभीच सांगून ठेवतो.

थोडी पूर्वपीठिका. ख्रिस्ती धर्म चीनमध्ये प्रथम गेला तो रोमहून नव्हे, सीरियाई परंपरेच्या पूर्वेकडील चर्चमार्फत. शीआनची ७८१ सालची प्रसिद्ध शिळा त्याच पंथाची. तिच्या माथ्यावर क्रूस आहे आणि तो ढग व कमळ यांच्यावर उभा आहे. म्हणजे पहिल्याच भेटीत क्रूसाने बौद्धांचे आसन स्वीकारले होते. कॅथलिक धर्मगुरू पोचले ते मंगोल राजवटीत. जॉन ऑफ माँतेकोर्विनो हा फ्रान्सिस्कन संन्यासी वाटेत वर्षभराहून अधिक काळ मद्रासजवळच्या मैलापूर परिसरात राहिला आणि १२९४ च्या सुमारास खानबालिक, म्हणजे आजच्या बीजिंगला गेला.

इथे आपल्या ठाण्याचा संबंध येतो. १३२१ साली चीनकडे निघालेला तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती ठाण्यात मारले गेले. काही काळाने ओदोरिक ऑफ पोर्देनोने हा दुसरा फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्यास आला. त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या, बरोबर घेतल्या आणि समुद्रमार्गे चीनच्या झायतून बंदरात, आजच्या च्वानझौमध्ये, नेऊन ठेवल्या. ओदोरिकचे गाव इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातील पोर्देनोनेजवळचे. हे गाव लक्षात ठेवा. सहाशे वर्षांनी त्याच परिसरातला आणखी एक माणूस चीनला जाणार आहे आणि आपल्या गोष्टीचा तोच नायक आहे.

मंगोल सत्ता १३६८ मध्ये गेली आणि तिच्याबरोबर हा पहिला कॅथलिक समाजही विरून गेला. दुसरा प्रयत्न जेझुइटांचा, आणि त्याची वाट गोव्यावरून जाते. मात्तेओ रिची १५७८ मध्ये गोव्यात उतरला, चार वर्षे भारतात राहिला, कोचीनला त्याची गुरुदीक्षा झाली, आणि १५८३ मध्ये तो दक्षिण चीनमधील झाओचिंग येथे स्थिरावला. तिथल्या अधिकाऱ्याने त्याच्या घरासाठी एक फलक भेट दिला. त्यावरचे नाव बौद्ध विहाराला शोभेल असे होते. लोकांनीही त्याला विहारच मानले. वेदीवरील मरियेचे चित्र पाहून लोक वाकून नमस्कार करीत, परंतु या परदेशीयांचा देव म्हणजे एक स्त्री आहे असा त्यांचा समज होई. करुणेची देवता क्वानयिन त्यांच्या परिचयाची होती. बाळ घेतलेली बाई म्हणजे तीच, हा तर्क अगदी सरळ होता. शेवटी मरियेचे चित्र बाजूला करून तिथे ख्रिस्ताचे चित्र लावावे लागले.

क्रूसाची गोष्ट याहून अवघड. १६०० साली राजधानीच्या वाटेवर मा तांग नावाच्या खोजा अधिकाऱ्याने रिचीच्या सामानाची झडती घेतली. त्यात लाकडाचा, रंगवलेला, रक्ताने माखलेला क्रूसावरचा ख्रिस्त निघाला. हा सम्राटाला मारण्यासाठी केलेला करणीचा पुतळा आहे, असे मा तांगने जाहीर केले. कल्पना करा: खिळे ठोकलेला उघडा मनुष्यदेह, वर रक्त. चेटूक म्हणून आपल्याकडच्या एखाद्या गावकऱ्यालाही यापेक्षा वेगळे काय सुचले असते? पुढे चिनी ख्रिस्ती चित्रांत जन्माचे, बाळाचे, मातेचे प्रसंग उदंड आणि क्रूसाचे मात्र मोजके दिसतात. त्याचे एक मूळ या संकोचात आहे, असे मला वाटते.

जेझुइटांनी यातून धडा घेतला. १६१९ च्या सुमारास जपमाळेच्या प्रार्थनेवर एक चिनी पुस्तिका निघाली. तिची चित्रे आंटवर्पमध्ये छापलेल्या नादालच्या तांब्यावरील कोरीव चित्रांवरून केलेली. परंतु चिनी लाकूडकोरक्याने मूळ चित्रातली खोली काढून टाकली. देवदूत मरियेला निरोप सांगायला येतो तो चिनी घरात. मागे निसर्गचित्राचा पडदा, अंगणात खडक आणि झाड. युरोपीय चित्रांतली छाया त्याने सरळ गाळली. चिनी डोळ्याला चेहऱ्यावरची सावली म्हणजे मळ वाटे; अर्धा चेहरा काळा का, असा प्रश्न पडे. पुढे १७१५ मध्ये आलेला जुझेप्पे कास्तिल्योने, चिनी नाव लांग शीनिंग, तीन सम्राटांचा दरबारी चित्रकार झाला, त्यालाही चेहऱ्यावरची सावली जवळपास पुसूनच टाकावी लागली.

मग हे सारे थांबले का? कारण वाद पेटला. पूर्वजांच्या पाटीपुढे उदबत्ती लावणे, कन्फ्यूशिअसला वंदन करणे, हे कुटुंबाचे शिष्टाचार की मूर्तिपूजा? जेझुइट म्हणत शिष्टाचार. इतर संघ म्हणत मूर्तिपूजा. रोमने १७०४, १७१५ आणि अखेर १७४२ मध्ये या विधींवर बंदी घातली. सम्राट कांग्शी संतापला. त्याच्या वारसाने, योंगझेंगने, १७२४ मध्ये ख्रिस्ती धर्मावरच बंदी आणली. त्यानंतरच्या शतकभरात खेड्यापाड्यांतली कॅथलिक घराणी गुपचूप प्रार्थना करीत राहिली. त्यांना वास्तुकला कुठली? साध्या घराची एक खोली, तेच चर्च.

ही मंडळी पुन्हा उजेडात आली ती तोफांच्या आवाजाबरोबर. अफूच्या युद्धांनंतरच्या तहांनी मिशनऱ्यांना संरक्षण मिळाले. १८६० च्या तहाच्या चिनी मसुद्यात मिशनऱ्यांना जमीन विकत घेऊन बांधकाम करण्याची मुभा देणारे वाक्य आले, जे फ्रेंच मसुद्यात नव्हतेच. दुभाषाचे काम एका फ्रेंच धर्मगुरूकडे होते. आणि आता उभी राहू लागली ती गॉथिक चर्चे.

क्वांगझौचे सेक्रेड हार्ट कॅथीड्रल पाहा. १८६३ ते १८८८ असे पंचवीस वर्षे बांधकाम, सगळे ग्रॅनाइटचे. लोक त्याला ‘दगडी घर’ म्हणतात. जागा कोणती? युद्धात उद्ध्वस्त झालेल्या चिनी राजप्रतिनिधीच्या कचेरीची. शहराच्या सुभेदाराचा वाडा पाडून त्या जागी विजेत्याने आपल्या देवाचे जुळे मनोरे उभारावेत, म्हणजे रोज सकाळी पराभवाची आठवण. तिआनजिनमध्ये नदीकाठच्या चर्चभोवती, अनाथालयातील ननी मुले पळवून नेतात, अशी अफवा पसरली. १८७० च्या जूनमध्ये दंगल होऊन दहा ननींसह साठेक माणसे मारली गेली, त्यांत बरेच चिनी ख्रिस्ती होते. चर्च जाळले गेले. १८९७ मध्ये ते पुन्हा बांधले. १९०० च्या बॉक्सर उठावात पुन्हा जाळले. १९०४ मध्ये पुन्हा बांधले. आज उभे आहे ते तिसरे.

मनोऱ्यांचा राग नुसता राजकीय नव्हता. चिनी नगररचनेत इमारती पसरतात, चढत नाहीत. कोणाचे घर किती उंच, यात दर्जाही आला आणि फेंगश्वेईही. उंच टोकदार मनोरा शेजारच्या गावाचे भाग्य कापतो अशी श्रद्धा. बीजिंगचे उत्तर चर्च, बेतांग, राजवाड्याच्या इतके जवळ होते की त्याच्या मनोऱ्यांवरून आतले दिसते अशी तक्रार होती. १८८० च्या दशकात सम्राज्ञी त्सीशीच्या दरबाराने वाटाघाटी करून ते हलवले आणि नव्या इमारतीच्या उंचीवर मर्यादा घातली. ते नवे बेतांग आजही पाहण्यासारखे आहे: मध्ये पांढरीशुभ्र फ्रेंच गॉथिक दर्शनी बाजू, आणि तिच्या दोहो बाजूंना शाही शिलालेखांसाठी पिवळ्या कौलांचे दोन चिनी मंडप. पाहुणा आणि यजमान एकाच अंगणात उभे आहेत, परंतु एकमेकांशी बोलत नाहीत.

आता ओदोरिकच्या मुलखाकडे परत या. पोर्देनोनेजवळच्या कास्त्योन्स गावी १८७६ साली चेल्सो कोस्तांतिनी जन्मला. बाप बांधकाम करणारा. पोरगा लहानपणी त्याच्या हाताखाली गवंडीकाम शिकला. पुढे धर्मगुरू झाला, मूर्तिकाम करू लागला, धार्मिक कलेवर लिहू लागला, पहिल्या महायुद्धाच्या काळात आक्विलेइयाच्या प्राचीन बॅसिलिकेची देखभाल त्याच्याकडे होती. १९२२ मध्ये पोपने त्याला चीनमधील पहिला प्रतिनिधी म्हणून पाठवले. आजवर चिनी कॅथलिकांचे पालकत्व फ्रान्स सांगत असे. आता रोम थेट बोलणार होते. या कामाला मुत्सद्दी हवा होता हे खरे, पण गवंड्याच्या मुलाने तिथे पोचताच आधी भिंतींकडे पाहिले.

आणि त्याला जे दिसले ते आवडले नाही. १९२३ मध्ये मिशनप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्याने आपली भूमिका मांडली. तिचा आशय असा: चीनमध्ये युरोपीय शैलीत चर्च बांधणे ही कलेच्या दृष्टीने चूक आहे, कारण प्रत्येक शैली आपल्या भूमीत वाढते. ही परकी रूपे टिकवल्याने ख्रिस्ती धर्म परदेशी आहे हा समज टिकतो. चर्चचा इतिहासही हेच सांगतो, कारण पहिल्या ख्रिस्ती लोकांनी नवी शैली शोधली नाही, रोमन बॅसिलिका घेतली. आक्विलेइयाच्या फरसबंदीवर रोमन पद्धतीच्या मोझाइकमध्ये ख्रिस्ती कथा रोज पाहणाऱ्या माणसाला हा मुद्दा पुस्तकातून शिकावा लागला नसेल. १९२४ मध्ये त्याने शांघाय येथे चीनमधील बिशपांची परिषद घेतली; तिच्या ठरावांतही चर्चबांधणीत शक्य तेथे चिनी कलारूपे वापरावीत असे आले. १९२६ च्या २८ ऑक्टोबरला रोममध्ये पोप पायस अकरावे यांनी सहा चिनी धर्मगुरूंना बिशप केले. कोस्तांतिनी त्यांना घेऊन गेला होता. माझ्या मते ही दोन कामे वेगळी समजू नयेत. बिशप चिनी आणि इमारत फ्रेंच, ही विसंगती त्याला सहन होण्यासारखी नव्हती.

परंतु पत्र लिहिणे सोपे, बांधणे अवघड. बांधकामाची अडचण समजून घेऊ, कारण या विषयावरील गप्पांत ती नेहमी वगळली जाते. चिनी दालन आडवे असते: लांब बाजू दक्षिणेकडे, दार त्या लांब बाजूच्या मध्यभागी. कॅथलिक चर्च उभे असते: दार अरुंद टोकाला, आणि तिथून नजर थेट दूरच्या वेदीपर्यंत जाते. चिनी इमारतीत भिंत भार घेत नाही. लाकडी खांब, तुळया आणि त्यांवरचे एकावर एक रचलेले कंसाकृती ठोकळे जड छप्पर पेलतात. छपराच्या पाख्या खाली उतरलेल्या, म्हणून वरून उजेड घेणाऱ्या खिडक्यांना जागा नाही. घंटेसाठी मनोरा हवा, तर चिनी मनोरा म्हणजे पॅगोडा, आणि पॅगोडा म्हणजे बौद्ध. सरळ देवळाचा आराखडा उचलावा तर आत माणसे मावत नाहीत. देवळात लोक येतात, उदबत्ती लावतात, जातात, तर मिस्सेला शेकडो जण एकत्र बसतात. नुसते गॉथिक अंगावर वक्र छप्पर चढवावे तर ते सुटाबुटावर पगडी घातल्यासारखे दिसते.

हा पेच सोडवायला १९२७ मध्ये बीजिंगला आला डोम आदेल्बर्ट ग्रेस्निख्त. हा उट्रेख्तचा डच, बेल्जियममधील मारेद्सू मठाचा बेनेडिक्टाइन संन्यासी. पेशाने चित्रकार आणि मूर्तिकार. माँते कासिनो आणि ब्राझीलमधील साओ पाउलो येथे त्याने काम केले होते. वास्तुविशारद तो चीनमध्येच झाला. त्याने आधी पाहिले, आणि निष्कर्ष काढला की छपराचे वळण हा चिनी वास्तूचा दागिना आहे, सांगाडा नव्हे. सांगाडा म्हणजे एकामागे एक चौक, मध्यअक्ष, चौथरा, तटबंदी, आणि इमारतीचे जमिनीशी असलेले आडवे नाते.

त्याची सर्वांत मोठी कृती म्हणजे बीजिंगच्या फू रेन कॅथलिक विद्यापीठाची इमारत. तिची कोनशिला १९२९ मध्ये कोस्तांतिनींच्या हस्ते बसली. इथे त्याने देवळाचा नमुना टाळला आणि नगराचा तट घेतला: करड्या विटांची चौफेर भिंत, चार कोपऱ्यांवर बुरुजासारखी उंच अंगे, प्रवेशाला पांढऱ्या दगडाचा कोरीव दरवाजा, माथ्यावर हिरवी चकचकीत कौले, आणि आत चौक. आपल्याकडचा चौसोपी वाडा पाहिलेल्याला ती रचना परकी वाटणार नाही. आतला सांगाडा आधुनिक, प्रयोगशाळा आणि वर्ग आधुनिक. हाँगकाँगच्या ॲबर्डीन येथील आणि हेनान प्रांतातील कायफेंग येथील गुरुशाळांचे आराखडेही त्याचेच. १९३२ मध्ये तो चीनमधून परतला. जेमतेम पाच वर्षे.

चित्रांचा प्रवास निराळा. चिनी वस्त्रांतली मरिया कोस्तांतिनींच्या आधीही होती: शांघायच्या तूशानवान अनाथालयाच्या चित्रशाळेत १९०८ मध्ये दोंगल्यू गावच्या चर्चसाठी सम्राज्ञीच्या शाही पोशाखातली मरिया रंगवली गेली. तिच्यासाठी त्सीशीच्या एका व्यक्तिचित्राचा आधार घेतल्याचे सांगतात. पण ते तैलचित्र होते, छायाप्रकाशाचे, पाश्चात्त्य कुंचल्याचे. पोशाख चिनी, हात युरोपीय शिकवणीचा. कोस्तांतिनींना उलटे हवे होते. १९२९ मध्ये बीजिंगच्या एका प्रदर्शनात त्यांनी चेन युआनदू या तरुण चित्रकाराची परंपरागत चित्रे पाहिली. चेन ख्रिस्ती नव्हता. कोस्तांतिनींनी त्याला बोलावले, शुभवर्तमान वाचायला दिले, मरिया रंगवायला सांगितले. रेशमावर, शाईने, बारीक रेषेने, सोंग काळातल्या चित्रांशी नाते सांगणारी येशूमाता तयार झाली. फू रेन विद्यापीठात कलाविभाग निघाला, चेन तिथे शिकवू लागला, वांग सूदा, लू होंगनिआन यांसारखे तरुण पुढे आले. १९३२ मध्ये चेनचा बाप्तिस्मा झाला. नाव घेतले लूक, कारण परंपरेने संत लूक हा चित्रकारांचा आश्रयदाता.

आता दुखणे. या छपरांना आणि चित्रांना सर्वांत कडवा विरोध कोणाचा होता? युरोपीय मिशनऱ्यांचा होताच. पण त्यांच्या जोडीला सामान्य चिनी कॅथलिकही होते. त्यांना ही चर्चे देवळांसारखी दिसत. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. तीन पिढ्या त्यांना शिकवले होते की त्या वक्र छपराखाली सैतान राहतो. त्या देवळाच्या जत्रेची वर्गणी नाकारली म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले होते. १९०० मध्ये धर्म सोडायला नकार दिला म्हणून हजारो चिनी ख्रिस्ती मारले गेले होते, आणि त्यांची मुले-नातवंडे १९३० मध्ये जिवंत होती. टोकदार मनोरा हा परक्यांचा असेल, पण त्यांच्या घरच्यांनी त्यासाठी रक्त दिले होते. त्यांना जाऊन एखाद्या इटालियनाने सांगायचे, की तुमचे खरे रूप ते दुसरे! उलट दिशेने शहरी सुशिक्षित तरुण हसत होते: आम्ही लोखंड, काँक्रीट आणि विज्ञान मागतो आहोत, आणि हे परदेशी आमच्या आजोबांची कौले घेऊन बसले आहेत. कोस्तांतिनींचे चुकले असे मी म्हणणार नाही. परंतु ‘स्थानिक’ म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार इथेही बाहेरून आलेल्याच्या हाती राहिला, हे मात्र नोंदवले पाहिजे.

कोस्तांतिनी १९३३ मध्ये प्रकृतीमुळे परतले, आणि रोममध्ये मिशनांचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयाचे सचिव झाले. १९३९ च्या ८ डिसेंबरला त्या कार्यालयाने चिनी विधींवरची बंदी उठवली. पूर्वजांना वंदन करणे आता पाप नव्हते. १७४२ पासून मोजा: जवळजवळ दोनशे वर्षे. दहा वर्षांत चीनमध्ये सत्तांतर झाले. परदेशी मिशनरी गेले, १९५२ मध्ये फू रेन विद्यापीठ बीजिंग नॉर्मल विद्यापीठात विलीन झाले. ग्रेस्निख्तची हिरवी कौले आज त्या विद्यापीठाच्या ताब्यात आहेत.

गंमत पुढे आहे. १९८० नंतर चर्चे पुन्हा उघडली, नवी बांधायची मुभा मिळाली, तेव्हा हेबेई, शान्शीच्या खेड्यांतल्या कॅथलिकांनी स्वतःच्या पैशाने काय बांधले? बहुतेक ठिकाणी टोकदार मनोऱ्यांची गॉथिक चर्चे. दीड शतकापूर्वी लादलेले रूप एव्हाना त्यांचे झाले होते. आणि २०१५ पासून सरकारी धोरणच धर्मांचे ‘चिनीकरण’ असे ठरले. २०१४ ते २०१६ या काळात झेजिआंग प्रांतात शेकडो चर्चांवरचे क्रूस उतरवले गेले, पुढे काही ठिकाणी चर्चेच्या दर्शनी बाजूवर चिनी छपरे चढवली गेली. १९२३ च्या पत्रातले शब्द आणि या आदेशांतले शब्द शेजारी ठेवून पाहिले, तर किती सारखे दिसतात याचे नवल वाटते. त्या पत्रामागे सैन्य नव्हते, एवढा फरक विसरू नये.

जाता जाता एक. चेन युआनदू बीजिंगमध्ये रेशमावर मरिया रंगवत होता, त्याच वर्षांत त्याचा जवळपास समवयस्क असलेला गोव्याच्या सांतो एस्तेवांवचा आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनातून शिकून घरी आला आणि साडी नेसलेली मरिया रंगवू लागला. गोव्यातल्या कॅथलिक समाजाने त्याच्यावर टीकेची झोड उठवली. शेवटी तो पुण्याला एका ख्रिस्ती आश्रमात येऊन राहिला आणि १९६७ मध्ये निधन होईपर्यंत चित्रे काढत राहिला. वसईकडचे कॅथलिक चर्चला आजही ‘देऊळ’ म्हणतात, हेही इथे आठवते. फोन्सेकावर पुढचा धागा लिहितो.